आवाज कुठून आला, सांग

शेवटच्या काही महिन्यांत आम्ही सगळे विलासदादाच्या उजव्या बाजूला बसायला शिकलो होतो. जेवताना, गप्पा मारताना, दवाखान्याच्या बाकावर... कुणी पाहुणा चुकून डावीकडे बसला, तर वहिनी त्याला हळूच उठवून पलीकडे बसवायची. पण त्या सकाळी अतिदक्षता विभागात त्याच्या उजव्या बाजूला यंत्रं होती, नळ्या होत्या. नर्सनं मला खांद्याला धरून डावीकडे उभं केलं. मी वाकून त्याच्या कानाशी म्हटलं, "दादा, मी आलेय. घाबरू नको." आणि मग लक्षात आलं, की या कानाला काहीच ऐकू जात नाही. पलीकडे जाण्यासाठी वळले, तेवढ्यात वेळ संपली म्हणून मला बाहेर काढलं. दुपारी डॉक्टर बाहेर आले, तेव्हा वहिनीचा हात माझ्या हातात होता. डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आधीच आम्हाला कळलं. याला आता काही आठवडे झाले. लोक म्हणतात, दुःख हळूहळू कमी होतं. होत असेल. माझं मात्र दुःखापाशी अजून नीट जाणंच झालेलं नाही, कारण मी अजून घाबरलेलीच आहे.

आमच्या घरात धीट तो आणि भित्री मी, ही वाटणी लहानपणीच झाली होती. नामपल्लीच्या प्रदर्शनात तो आकाशपाळण्यात दोन्ही हात सोडून बसायचा, आणि मी खाली उभी राहून त्याच्या चपला सांभाळायची. आजोबा सरकारी नोकरीत, वडीलही सरकारी नोकरीत. दादा तेवढा वकील झाला. मी शाळेत गणित शिकवते. लग्न केलं नाही. दादाच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते. म्हणजे अंधारात जिन्यावर पाल दिसली तरी हाक मारायला दादा होता. तो खालून ओरडायचा, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस! तू सरळ वर जा, पाल तुला घाबरून पळते का नाही बघ." पण ओरडून झाल्यावर यायचाच.

आठवडाभर काळा कोट घालून कोर्टात भांडणारा हा माणूस रविवारी बरकतपुऱ्याच्या आमच्या इमारतीखाली कुणाच्या तरी गाडीच्या पोटात शिरलेला असे. गाडीबरोबर आलेला कंपनीचा स्टिरिओ काढायचा आणि चांगला बसवायचा, हा त्याचा नाद. स्वतःच्या गाडीचं झालं, मग मित्रांच्या, मग कोर्टातल्या सोबत्यांच्या. एकदा तर समोरच्या पक्षाच्या वकिलाची गाडी आमच्या दारात उघडी पडलेली होती, आणि ते दोघं आत बसून कुठल्यातरी खटल्यावरून भांडत होते.

स्टिरिओ बसवणं सोपं असतं, खरी मेख तारा ओळखण्यात. जुना डबा बाहेर ओढला, की मागून तारांचा एक झुपका येतो, आणि कुठल्या रंगाची तार कशाची, याचा नियम प्रत्येक कंपनीचा निराळा. फोनवर शोधलं तर तक्ते मिळतात. दादा ते बघायचा आणि बाजूला ठेवायचा. "रंग म्हणजे साक्षीदार," तो म्हणायचा, "उलटतपासणी केल्याबिगर मी कुण्या साक्षीदाराचं ऐकत नाही." आधी मीटर लावून बघायचं. किल्ली न फिरवताच जी तार जिवंत, ती एक. किल्ली फिरवल्यावर जी जिवंत होते, ती दुसरी. त्यांच्यावर खुणा झाल्या की गाडीची बॅटरी सोडायची आणि मग स्पीकरच्या चार जोड्या शोधायच्या. त्यासाठी त्याचं हत्यार म्हणजे भिंतीवरच्या घड्याळात घालतात तो साधा सेल. तारांच्या जोडीला तो क्षणभर टेकवला, की कुठल्यातरी दारातला स्पीकर 'टप्प' असा आवाज करतो. हे दोघांचं काम आहे. एकानं खाली वाकून सेल टेकवायचा, दुसऱ्यानं आत बसून ऐकायचं. ऐकणारी अर्थात मी. "आवाज कुठून आला, सांग," असं खालून यायचं. मी म्हणायची, "डावा पुढचा." मग तो चिकटपट्टीच्या तुकड्यावर 'डापु' लिहून तारेला गुंडाळायचा. उजवा पुढचा तो 'उपु', डावा मागचा 'डामा', आणि उजवा मागचा 'उमा'. उमा नावाची आमची एक मावसबहीण आहे. तिला हे कळल्यावर ती वर्षभर रुसली होती.

यातही मी घाबरायचीच. पिवळ्या नळीतल्या तारा एअरबॅगच्या असतात, त्यांना दादासुद्धा हात लावत नसे. त्या नुसत्या दिसल्या तरी मी दार उघडून बाहेर उभी. "अगं, त्या तिकडे आहेत, मी इकडे आहे, तू कुठं आहेस?" तो विचारायचा. मी म्हणायची, "मी फाटकापाशी आहे." ...असे किती रविवार गेले. तेव्हाची ती भीती आठवली की आता हसू येतं. ती सुखातली भीती होती.

मग मी एक जुनी गाडी घेतली, लहानशी, लाल. तिचा स्टिरिओ नुसता खरखरायचा. दादानं नवीन आणून ठेवला, आणि एका रविवारी सकाळी आम्ही खाली उतरलो. त्या दिवशी त्याच्या कमरेत उसण भरली होती. त्याआधी काही दिवस चालताना त्याचा जरासा झोकही जात होता; साखर कमी झाली असेल, असं आम्हीच आपापसात ठरवून टाकलं होतं. त्याला वाकता येईना. म्हणाला, "आज तू सेल लाव. मी ऐकतो."

"मी? नक्को रे बाबा."

"दीड व्होल्टानं झुरळ मरत नाही. बैस खाली."

तो डावीकडच्या सीटवर बसला, मी ड्रायव्हरच्या दारातून वाकून तारांशी. पहिल्या जोडीला सेल टेकवला आणि 'टप्प' झालं. "उजवा पुढचा," दादा म्हणाला. मला वाटलं होतं आवाज त्याच्या बाजूनं आला, पण माझं डोकं खाली होतं, आणि तो दादा होता. मी 'उपु' लिहिलं. दुसरी जोडी. "उजवाच. मागचा असेल." तिसरी. तो जरा थांबला. "हा पण उजवा." चौथी. "उजवा... ए, तू एकाच तारेला लावूलालीस का?"

"नाही रे, चारही वेगळ्या आहेत."

"म्हणजे कंपनीनं चारही स्पीकर उजवीकडेच दिलेत म्हण की!" तो मोठ्यानं हसला. मीही हसले. मग मी डोकं वर काढलं आणि पहिल्या जोडीला परत सेल टेकवला. त्याच्या गुडघ्याला लागून असलेल्या दारातून 'टप्प' आवाज आला. त्याच्या गुडघ्याला लागून. "उजवा पुढचा," दादा म्हणाला.

मला तेव्हा जे वाटलं, ते मला नीट सांगता येत नाही. ऊन होतं, वरून कुणाच्या तरी कुकरची शिट्टी ऐकू येत होती. मी म्हटलं, "दादा, हा डावा आहे." तो कंबर धरून उतरला, मला आत बसवलं, आणि स्वतः कण्हत वाकला. एकेका जोडीला सेल टेकवत गेला. मी सांगत गेले. डावा पुढचा. डावा मागचा. उजवा पुढचा. उजवा मागचा. "परत सांग," तो म्हणाला. मी परत सांगितलं. मग तो डॅशबोर्डखालून बाहेर आला, हात पुसले, माझ्यासमोर उभा राहिला आणि उजव्या कानावर तळहात घट्ट दाबून धरला.

"बोल काहीतरी."

"दादा," मी म्हटलं.

तो माझ्या ओठांकडे बघत होता. "बोललीस?" त्यानं विचारलं.

कोठीतल्या एका दवाखान्यात तपासणी झाली, मग मोठं स्कॅन, मग मोठे डॉक्टर. कानाच्या आत, मेंदूला चिकटून गाठ होती, आणि ती साधी नव्हती. दादानं डॉक्टरांचीही उलटतपासणी घेतली. किती जुनी, कशावरून, काढली नाही तर काय, काढली तर काय. डॉक्टर शांतपणे उत्तरं देत होते. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, "घरात आणखी कुणाला असं काही?" मला वाटतं, दादा खचला तो त्या प्रश्नानं. त्याच्या डोळ्यांसमोर इरा आली. त्याची एकुलती एक मुलगी, माझी भाची. शिकून आता गच्चीबावलीला नोकरी करते. घरी परतताना तो म्हणाला, "इराला आत्ताच काही सांगू नक्को." आणि थोड्या वेळानं, रस्त्याकडे बघत म्हणाला, "मी घाबरलोय गं." उभ्या आयुष्यात हे वाक्य त्याच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. धीर द्यायची मला सवय नव्हती, ते खातं त्याच्याकडे होतं.

ऑपरेशनच्या आधी त्यानं माझा स्टिरिओ बसवलाच. "माझी तारीख लागायच्या आत तुझी केस निकाली काढतो," म्हणाला. तारांवरच्या माझ्या चुकीच्या पट्ट्या एकेक सोलून काढल्या. "रोग म्हशीला आणि औषध पखालीला," असं पुटपुटत तो नव्या पट्ट्या लावत होता. हसत होता, पण त्याच्या कपाळावर घाम होता, आणि प्रत्येक 'टप्प' झाल्यावर तो माझ्याकडे असा बघायचा, की खोटं बोलायची माझी हिंमत झाली नसती. त्यानंतर तो कुणाच्या गाडीखाली वाकला नाही. ऑपरेशन झालं, थोडे महिने बरे गेले, आणि ती गाठ परत आली.

इराबद्दलची ही भीती मी कुणालाच बोलून दाखवली नाही. डॉक्टर नंतर म्हणाले होते, की तशी शक्यता फार कमी आहे. फार कमी म्हणजे नाही असं नव्हे, हे मी रोज वर्गात शिकवते. सकाळी उठल्यावर मी एकेका कानाशी बोटं चोळून बघते, आवाज येतो का. इरा जेवायला आली की तिच्या डावीकडे बसून हळू आवाजात काहीतरी विचारते आणि ती वळून बघते का, याची वाट बघते. ती म्हणते, "आत्या, तुम्ही आजकाल इतकं हल्लू का बोलता?" हा लेखसुद्धा ती स्वतः वाचणार नाही. मराठी वाचायला तिला फार वेळ लागतो, मलाच वाचून दाखवावा लागेल.

गेल्या आठवड्यात काही कागदांच्या कामासाठी आम्ही दोघी माझ्या गाडीतून कोठीकडे निघालो. इरा डावीकडच्या सीटवर होती. तिनं तिचं कुठलंसं गाणं लावलं, जरा वेळ ऐकलं आणि म्हणाली, "आत्या, ऐसा कैसा? सगळा आवाज राइटकडूनच येतोय."

गाडी कशी कडेला घेतली, आठवत नाही. मागचा ऑटोवाला काहीतरी ओरडत गेला. मी स्टिरिओचं बटण पकडलं आणि आवाज डावीकडे फिरवला, पार शेवटपर्यंत. "आता?"

"आता लेफ्टकडून."

"इरा, खरं सांग."

"खरंच! कानठळ्या बसल्या माझ्या. आत्या, काय झालं? रडता कायको?"

मग मी तिला सगळं सांगून टाकलं. तो रविवार, चार उजवे स्पीकर, डॉक्टरांचा तो प्रश्न. ती माझा हात धरून ऐकत होती. शेवटी तिनं हळूच विचारलं, "पण मग आवाज राइटला ठेवला कुणी?"

तेव्हा कुठे मला आठवलं. घाबरल्यावर माणसाचं डोकं चालत नाही, तसं झालं होतं. आजारपणात दादा याच सीटवर बसायचा, मी त्याला तपासणीला नेत असे. आवाज आपल्या चालत्या कानाकडे यावा, म्हणून त्यानंच तो उजवीकडे वळवून घेतला होता. मी स्वतः उजवीकडे बसणारी, मला ते कधी खटकलंच नाही. पण पूर्ण वळवला नव्हता. डावीकडे थोडासा शिल्लक ठेवला होता. मी विचारलं होतं, तो कशासाठी? तर म्हणाला, "या कानानं परत ऐकू आलंच कधी, तर मला कळायला नक्को का?"

आणि तेच बटण मी आत्ता घाबरून फिरवून टाकलं होतं. किती ठेवला होता त्यानं? पडद्यावर आकडा दिसतो, पण मी तिकडे पाहिलंच नव्हतं. मी इराला तसं म्हटलं, आणि मला पुन्हा रडू फुटलं.

"रुको," इरा म्हणाली. तिनं उजव्या कानावर तळहात दाबला, खाली वाकून डावा कान दारातल्या स्पीकरच्या जाळीला लावला आणि डोळे मिटले. दुसरा हात लांबवून ती बटण उजवीकडे फिरवू लागली, अगदी हळू, एकेक घर. माझ्या बाजूचा आवाज वाढत गेला, तिच्या बाजूचा बारीक होत गेला, आणि थोड्या वेळानं मला तो मुळीच ऐकू येईना. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. ती थांबत नव्हती.

"येतोय," ती म्हणाली. आणखी एक घर. "अजून येतोय... अजून येतोय, आत्या."