साध्या पाण्यातलं शून्य

मी उकडलेलं धान अंकुरायला ठेवलं होतं. तेही एकट्यानं नाही; बारावी सायन्सच्या चोवीस मुलांकडून ठेवून घेतलं होतं.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. धानाच्या पट्ट्यात, लाखांदूरकडच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी नुकताच बायॉलॉजीचा मास्तर म्हणून आलो होतो. मूळचा कापसाच्या मुलखातला. धान म्हणजे ज्याचा भात होतो ते, एवढंच माझं ज्ञान. प्रॅक्टिकलसाठी बी हवं होतं आणि राईस मिलच्या अंगणात छान टपोरं धान वाळत होतं. डबाभर मागून आणलं. भरडताना तांदूळ तुटू नये म्हणून मिलवाले धान आधी वाफवतात, मग वाळवतात, हे मला कोणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

प्रयोग सोपा. काचेच्या तीन बश्या, प्रत्येकीत शंभर दाणे. एकीत साधं पाणी, दुसरीत थोडं मीठ, तिसरीत जास्त. किती दाण्यांना मोड आले ते मोजायचं आणि मिठाचा परिणाम लिहायचा. साध्या पाण्याची बशी म्हणजे कंट्रोल. बाकीच्या दोन्हींची तुलना तिच्याशी.

जर्नलं तपासायला आली. तेवीस जणांचं रीडिंग एकच: ब्याण्णव, चौसष्ट, अठरा. मी खूष. धडाधड सह्या ठोकल्या. उरलेल्या एकीचं, सुनंदाचं, रीडिंग होतं शून्य, शून्य, शून्य. खाली निष्कर्ष: ‘मिठाचा परिणाम सांगता येत नाही, कारण साध्या पाण्यातलंही उगवलं नाही. बियाणंच मेलेलं असावं.’

मी लाल शाईनं फुली मारली. जर्नलवर सही नसेल तर बोर्डाच्या प्रॅक्टिकलला बसता येत नसे, आणि परीक्षा दोन आठवड्यांवर आली होती.

“पाणी घालायचं विसरलीस?”

“नाही जी सर. रोज घातलं.”

“मग बाकीच्यांचं कसं उगवलं?”

तिनं नुसतं जर्नल मिटलं. वर्गमित्रांची चुगली करायची नव्हती, हे मला नंतर उमगलं.

“पुन्हा कर. नाहीतर सही नाही.”

पाचव्या दिवशी ती दोन बश्या घेऊन स्टाफरूममध्ये आली. दोन्हींत साधं पाणी. एकीत माझ्या डब्यातलं धान, दुसरीत तिच्या घरचं. घरच्याला पांढरे मोड फुटले होते. माझं तसंच पडलेलं.

“आता तुमीच मोजा, सर.”

मोजण्यासारखं काही नव्हतं. तिनं डब्यातला एक कोरडा दाणा नखानं सोलून माझ्या तळहातावर ठेवला. आत पिवळसर, काचेसारखा कडक. मग घरच्याचा सोलला. तो पांढरा.

“हे उकडलेलं आहे जी.”

मी थेट लॅबमध्ये गेलो. खिडकीखालच्या फळीवर वर्गाच्या बश्या तशाच होत्या. मोड एकालाही नाही. बुरशी मात्र जोमात. ब्याण्णव, चौसष्ट, अठरा हे आकडे कुठले, तेही आठवलं. नमुना म्हणून मीच फळ्यावर लिहिले होते.

प्रिन्सिपॉलसाहेबांना सांगितलं. ते वैतागले.

“तिला ब्याण्णव लिहाले सांगा अन् मोकळे व्हा. काहून वाढवून राहिले?”

“सर, चोवीस जणांत प्रयोग फक्त तिनं केला.”

“अन् तुमी?”

“मी पण नाही केला.”

सुनंदाच्या जर्नलवर सही केली, माझी फुली खोडून शेजारी माझी चूक लिहिली. बाकी तेवीस सह्या रद्द. तिच्या घरून धान आलं आणि सगळ्यांनी प्रयोग पुन्हा केला. या वेळी कुठल्याच दोन जर्नलांतले आकडे एकमेकांशी जुळेनात. इतकं चांगलं रीडिंग मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

परीक्षेला नागपूरहून एक्झामिनर आले. सुनंदाचं जर्नल चाळता चाळता तीन शून्यांपाशी थांबले. “बियाणं मेलेलं कशावरून?” तिनं दोन बश्यांची गोष्ट सांगितली. “आणि हे बियाणं पुरवलं कोणी?” तिनं माझ्याकडे बघितलं. मी वर्गातल्या पोरासारखा हात वर केला. साहेब पोट धरून हसले आणि तिला जर्नलचे पैकीच्या पैकी मार्क दिले.

पुढं माझे बरेच विद्यार्थी डॉक्टर झाले. पण कुणी ‘तुमचा हुशार विद्यार्थी कोण’ विचारलं की मी त्या तीन शून्यांचीच गोष्ट सांगतो, छाती फुगवून. जणू ती शून्यं मीच लिहिली होती. बाकी शिकलो ते इतकंच, की पुस्तकाशी तंतोतंत जुळणारं रीडिंग दिसलं की सही करण्याआधी बशी बघावी.

परीक्षा संपल्यावर आमचे लॅब अटेंडंट शामराव बश्या धुवत होते. स्वतःच्या दोन एकरांत धान लावणारा माणूस. मी विचारलं, “शामराव, डबा तर तुम्हीच उघडला होता. उकडलेलं आहे हे दिसलं नाही?”

“दिसलं ना जी, पयल्याच दिवशी.”

“मग बोलला का नाहीत?”

“मले वाटलं, एवढे शिकलेले मास्तर आहेत, सायन्सात उकडलेलंच पेरत असतील.”