वहिनींचे महिने

"महिना काय म्हणतो ते बघू," असं म्हणायचं आणि पदराचं टोक हनुवटीवर ओढून घ्यायचं, ही आमच्या शेजारच्या वहिनींची सवय. माहेरी कधी जाणार म्हणून विचारा, पापड कधी लाटायचे म्हणून विचारा, उत्तर तेच. नव्या माणसाला वाटे, बाई फारच देवभोळी दिसते, सगळं काळावर सोडते. मलाही पहिले काही दिवस तसंच वाटलं.

मी लग्न होऊन जव्हारला आले तेव्हा सतरा वर्षांची होते. संस्थानच्या दवाखान्यात माझे यजमान कंपाउंडर होते. शेजारच्या घरात जंगल खात्यातला एक कारकून, त्याची आई आणि वहिनी, अशी तीन माणसं. दोन्ही घरांचं परस एकच, मध्ये नुसती करवंदीची काटेरी वई. वहिनी माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठ्या. त्या मला लाडानं "कंपाउंडरीणबाई" म्हणत आणि मी लाजले की मोठ्यानं हसत. त्यांच्या सासूला मी मावशी म्हणत असे.

हनुवटीवर पदर का, ते मला एका सकाळी कळलं. वहिनी परसात बसून बोटांना चुलीतली राख लावून हनुवटीवरचे केस उपटत होत्या. मला पाहून दचकल्या, मग म्हणाल्या, "या, या. आज आमची हजामत आहे. न्हाव्याला बोलावलं तर तो सासूबाईंनाही पुढ्यात बसवील, म्हणून मीच करते." मी हसले. त्याही हसल्या, पण डोळ्यांत पाणी होतं. ते केस उपटल्यामुळं, असं त्यांनी सांगितलं.

त्या काळात बायकांचे महिने पंचांगात नव्हते, परसातल्या पडवीत होते. पाळी आली की तीन दिवस तिथं बाजूला बसायचं. त्यामुळं कोणत्या घरची बाई कधी बसली आणि कधी बसली नाही, हे सगळ्या आळीला ठाऊक. नाही बसली की आळी बोटं मोजायला लागे. वहिनींच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि त्यांची पाळी चार-चार, पाच-पाच महिने येत नसे. म्हणजे बघा, दर वेळी आळीला नवी आशा आणि दर वेळी सगळ्यांच्या देखत ती मोडायची.

मी आले त्या वर्षी असंच झालं. वहिनी चार महिने पडवीत बसल्या नाहीत. मावशींनी चोरओटी भरली, हिरवं लुगडं आणलं. ते धुऊन दोरीवर वाळत घातलं होतं आणि सोमवारी सकाळी बघते तर वहिनी पडवीत भिंतीकडे तोंड करून बसलेल्या. मावशी परसात आल्या. त्यांनी लुगडं दोरीवरून काढलं, घडी घातली आणि आत गेल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आळी मात्र बोलायला लागली. हिला राहतं, पण ही पोटातच खाते, असं कोणीतरी म्हणालं आणि ते सगळ्यांना पटलं. दाढीच्या केसांनी त्याला आणखी जोर आला. माझा पहिला मुलगा झाला तेव्हा माझी आई बाळंतपणाला आली होती. तिनं मला बजावलं, "त्या शेजारणीची सावली पडू देऊ नकोस हो पोरावर." बारशाला मी वहिनींना बोलावलं नाही. पाळण्याचा आवाज ऐकत त्या वईपलीकडे भांडी घासत राहिल्या. दुसऱ्या दिवशी आई झोपलेली असताना त्यांनी वईवरून एक दुपटं माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "मी शिवलंय असं तुमच्या आईंना सांगू नका. उगाच जाळतील, कापड चांगलं आहे." इतक्या वर्षांनी हे लिहितानाही मला स्वतःची लाज वाटते.

एकदा नाशिककडची एक डॉक्टरीण दोन दिवसांसाठी गावात आली, बायका तपासायला. मीच वहिनींना घेऊन गेले. तिनं तपासलं, पुष्कळ प्रश्न विचारले, हनुवटी उजेडात वळवून पाहिली. म्हणाली, "गर्भाशयात काही दोष नाही. बीजकोश सुस्त आहेत, म्हणून महिना चुकतो आणि म्हणूनच हे केस. अशा बायका मी पाहिल्या आहेत. मूल होईल किंवा होणार नाही, कधी होईल ते मला सांगता येणार नाही. फक्त महिना आणण्यासाठी जालीम काही घेऊ नका."

परत येताना वहिनींनी हनुवटीवरचा पदर खाली सोडला. मग म्हणाल्या, "म्हणजे मी खात नाही पोरांना. एवढं तरी कळलं."

आता या दुखण्याला नाव आहे. माझ्या नातीला ठाण्याच्या डॉक्टरांनी ते कागदावर लिहून दिलं, आणि तिची कन्या आज शाळेत जाते. तो कागद मी चष्मा लावून किती वेळ पाहत बसले होते. वहिनींना कोणी असा कागद दिला नाही. त्यांना दिवस मोजणारे डोळे मिळाले.

त्या डोळ्यांवर त्यांनी एक उपाय काढला. दर महिन्याला त्या पडवीत बसायला लागल्या. मावशींचा चेहरा उजळला, सुनेचं अंग ताळ्यावर आलं म्हणून. मला मात्र शंका आली, कारण तीन दिवसांत पडवीतली धुणी काही दिसत नव्हती. विचारलं तर वहिनींनी माझा हात दाबला. "काही आलेलं नाही हो. पण बसले की आळी मोजायचं सोडते. आशाही नाही आणि बोलणंही नाही. तीन दिवस पाठ टेकायला मिळते ते वेगळंच."

असं वर्षभर चाललं. मग पौषात मावशींच्या लक्षात आलं. त्यांनी वहिनींना समोर बसवून विचारलं आणि वहिनींनी खरं सांगून टाकलं. गेले सहा महिने तर खरं काहीच आलं नव्हतं. मावशी ओरडल्या नाहीत. त्या दिवशी जेवल्या नाहीत फक्त. तिन्हीसांजेला माझ्याकडे येऊन बसल्या.

"मुलाला दुसरी मुलगी बघा म्हणून त्याचे काका दोन वर्षं मागे लागलेत," त्या म्हणाल्या. "मी थोपवून धरलंय. वैशाखापुढं माझं कोणी ऐकणार नाही. तिचं अंग एकदा मोकळं व्हायला पाहिजे, एकदा नीट वाहून गेलं पाहिजे. मग राहील."

वाईट वाटून घेऊ नका, पण त्या बाईचा वहिनींवर जीव होता. त्यानंच तर घात केला.

जामसरची एक म्हातारी आमच्याकडे मोळी घालत असे. जंगलातल्या मुळ्या-पाल्याची तिला माहिती होती. मावशींनी तिच्याकडून एक मुळी मागवली. देताना म्हातारीनं माझ्यादेखत सांगितलं, "माय, ही कडक हाय. दिस गेलेल्या बाईला पाजू नको हां."

मावशी कडवट हसल्या. "दिस गेलेले असते तर आणखी काय हवं होतं गं?"

मी ते ऐकलं. पंधरा दिवसांपूर्वीच वहिनी मला म्हणाल्या होत्या, ताकाचा वास नकोसा झालाय. मी धावत वईपाशी गेले, त्यांना हाक मारली.

"वहिनी, घेऊ नका. त्या डॉक्टरणीनं काय सांगितलं होतं?"

"डॉक्टरीण नाशिकला आहे. सासूबाई चुलीपाशी आहेत."

"पण ताकाचं म्हणालात ना तुम्ही? खरंच काही असेल तर?"

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. क्षणभर काहीतरी चमकलं त्यांच्या चेहऱ्यावर, मग विझलं. "चार वेळा हेच सांगितलंय या शरीरानं मला. कधी ताक, कधी चक्कर. त्याच्या थापा आता मला पाठ झाल्यात, कंपाउंडरीणबाई." मग वईचं एक पान खुडून म्हणाल्या, "आणि नाही प्यायले तर काय सांगू त्यांना? रात्रभर रडल्या आहेत त्या."

मी मावशींकडे जायला हवं होतं. यजमानांना सांगायला हवं होतं. बायकांच्या गोष्टी पुरुषांना सांगायच्या नाहीत, असं शिकवलं होतं मला आणि मी ते पाळलं.

तीन दिवस रोज सकाळी काढा द्यायचा होता. पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी वहिनींना कापरं भरलं. परसात सारखा उकळत्या मुळीचा वास येत होता, घरात मांजरसुद्धा फिरकत नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी मावशींनी वईवरून आनंदानं हाक मारली, "अगं ये गं, आली एकदाची! धो धो चाललंय!" त्यांनी देवापुढं समई लावली होती. गूळ वाटीत काढून ठेवला होता.

मी पडवीत गेले. वहिनी भिंतीला टेकून होत्या, ओठ पांढरे. माझं एक बाळंतपण झालेलं होतं, एक गर्भ गेलेला होता. मला बघताच समजलं. तीन महिन्यांचं असेल. वहिनींनाही समजलं होतं. त्यांनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की पुढं आठवडाभर वळ राहिले.

"होतं," त्या म्हणाल्या. "या खेपेला शरीर खरं बोलत होतं."

मला रडू फुटलं. त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. बाहेर मावशी देवाला सांगत होत्या, माझ्या सुनेचं अंग मोकळं केलंस रे.

"त्यांना कळू द्यायचं नाही," वहिनी म्हणाल्या. "त्यांनी आपल्या हातानं पाजलंय. शपथ घ्या." मी घेतली. मग मी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात ते बांधून परसाच्या कोपऱ्यात पुरलं. चौथ्या दिवशी वहिनी न्हाल्या, चुलीपाशी बसल्या, भाकऱ्या केल्या.

त्यानंतर पाळी पुन्हा आली नाही. वैशाखात कारकुनाचं दुसरं लग्न झालं. सोळा वर्षांची मुलगी, भित्री, मोठ्या डोळ्यांची. वहिनींनीच तिला उंबऱ्यावर ओवाळून घेतलं. ज्येष्ठात त्या मोखाड्याला भावाकडे निघाल्या. मला वाटलं, सवतीमुळं. तसं विचारलंही.

"छे, पोर गुणी आहे. पण सासूबाई रोज सकाळी मायेनं विचारतात, काढा लागू पडला ना गं? रोज काय उत्तर देऊ?"

मोखाड्याकडे जाणाऱ्या एका बैलगाडीत त्या बसल्या. गाडी हलली तेव्हा त्या मागं वळून माझ्याकडे नाही, परसाच्या कोपऱ्याकडे बघत होत्या.

पुढल्या माघात, एका दुपारी शेजारून पाटा-वरवंट्याचा आवाज आला आणि पाठोपाठ तोच वास. मी वई ओलांडून गेले. कारकुनाची धाकटी बायको दोन महिने पडवीत बसली नव्हती. मावशी मुळी वाटत होत्या. "हिचंही तसंच दिसतंय बाई," त्या म्हणाल्या. "आधीच अंग मोकळं केलेलं बरं."

मी वरवंटा काढून घेतला. शपथ मोडली. सगळं सांगितलं, कोपरासुद्धा दाखवला. मावशी ऐकत होत्या. त्यांचे हात पाट्यावर होते तसेच राहिले, मुळीच्या चिकानं माखलेले. मग त्यांनी उठून ते सगळं वाटण परसाबाहेर नेऊन फेकलं. धाकटीला दिवसच गेले होते.

फाल्गुनात मावशी एकट्या मोखाड्याला जाऊन आल्या. काय झालं म्हणून मी विचारलं.

"पाय धुवायला पाणी दिलं. जेवू घातलं. मी म्हटलं, मला कळलं गं. तर म्हणते, मग आता तुम्हालाही झोप यायची नाही. म्हणूनच सांगितलं नव्हतं." मावशींनी डोळे पुसले. "चल म्हटलं. नाही म्हणाली."

भाद्रपदात मोखाड्याकडे तापाची साथ होती. एका दुपारी मावशी एक कार्ड घेऊन माझ्याकडे आल्या, त्यांना वाचता येत नव्हतं. भावानं लिहिलं होतं. पाच दिवस ताप, सहाव्या दिवशी सकाळी वहिनी गेल्या. कार्ड उशिरा पोचलं होतं, दहावाही होऊन गेला होता. मी वाचलं. मावशींनी पुन्हा वाचायला लावलं. धाकटीला नववा लागायला चारच दिवस होते, पोटुशीच्या कानावर असलं काही घालायचं नव्हतं. म्हणून आम्ही दोघी परसात, तोंडात पदर कोंबून, आवाज न करता बसलो.

मग मावशींनी माझ्या हातातून कार्ड घेतलं, त्याचे बारीक बारीक तुकडे केले.

घरातून धाकटीनं विचारलं, "कोणाचं पत्र आलंय हो, सासूबाई?"

"कोणाचं नाही," मावशी म्हणाल्या.