न सांगितलेले नऊ दिवस

मी अणुभौतिकीत पीएच.डी. करते. आमच्या प्रयोगात काचेच्या पेटीतल्या रुबिडियमच्या अणूंवर सहा बाजूंनी लेझर सोडतात. रंग अगदी अचूक जुळला की अणू तो प्रकाश शोषतात, बाहेर टाकतात, पुन्हा शोषतात. असं होता होता ते मंदावतात आणि पेटीच्या मधोमध त्यांचा एवढासा ढग थबकतो. तो पहिल्यांदा दिसला त्या दिवशी मी जेवायचं विसरले होते.

हा लेझर डोळ्यांना जेमतेम दिसतो. फिका लाल ठिपका, बस्स. त्याच्या फिकेपणावर जाऊ नका, संरक्षक चष्मा काढू नका, हे नव्यांना मीच बजावायचे. पण चष्म्यातून तो ठिपका दिसतच नाही. त्या दुपारी किरण आरशावर नीट बसेना. मी वैतागले, चष्मा कपाळावर सरकवला आणि वाकून बघू लागले. आरशाच्या स्टँडचा स्क्रू ढिला होता. हात लागला, आरसा फिरला आणि किरण थेट डोळ्यात गेला.

दुखलं काहीच नाही. पण उजव्या डोळ्यासमोर एक राखाडी डाग बसला, तो हलेना.

डॉक्टरांकडे मी एकटीच गेले. त्यांनी डोळ्याच्या पडद्याचा फोटो दाखवला. "इथला भाग जळालाय. तो भरून येणार नाही."

गाईडबाईंना सांगितलं तर प्रयोग बंद पडणार, चौकशी होणार, आणि आमची मोजमापं तर ऐन रंगात आलेली. मी गप्प राहिले. आठवडाभर तशीच काम करत होते. स्क्रूही तसाच ठेवला, आवळला असता तर सगळे आरसे पुन्हा जुळवावे लागले असते. मग त्याच टेबलावर माझ्यासोबत काम करणाऱ्या मित्राला "घरी काम आहे, तू चालू ठेव" म्हटलं आणि उरणला निघून आले.

घरी आईने मांदेली तळली होती. मी काटे काढत होते. आई बघत राहिली.

"मान वाकडी करून का बघतंस गं?"

"काही नाही."

"न्हाय कसं? कालपास्न बघतंय मी."

मग सांगून टाकलं. आई रडायला लागली. बाबा पूर्वी मिठागरावर होते, आता बंदरातून कंटेनरचा ट्रेलर चालवतात. मला वाटलं, ओरडतील, नाहीतर शिक्षण सोड म्हणतील.

"त्या आरशापाशी आता कोन हाय?" त्यांनी विचारलं.

"माझा मित्र."

"त्याला म्हाईत हाय, स्क्रू ढिला हाय ते?"

मी त्याला सांगितलंच नव्हतं. नऊ दिवसांत हा विचार माझ्या मनात आलाच नव्हता, असं म्हणायला मला आवडेल. आला होता. मी तो बाजूला सारला होता.

"ब्रेक लागत न्हाय हे न सांगता गाडी दुसऱ्याच्या हातात देतंस?" बाबांचा आवाज चढला. "फोन लाव. आत्ताच्या आत्ता."

मी खरकट्या हातानेच फोन लावला. त्याने उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्या वेळी उचलला.

"काय गं? ढग आज एकदम झकास दिसतोय."

मी घडलं ते सगळं सांगितलं.

"कधी झालं हे?"

"नऊ दिवस झाले."

"मी सकाळपासून त्याच आरशावर काम करतोय."

"चष्मा आहे ना डोळ्यांवर?"

फोन कट झाला.

त्याचे डोळे तपासले, दोन्ही ठणठणीत निघाले. प्रयोगशाळा तीन आठवडे बंद राहिली. बाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं. "डोळ्याचं फार वाईट वाटतं," त्या म्हणाल्या. "पण तू गप्प राहिलीस, त्यावर तुझ्याशी काय बोलावं ते मला कळत नाही."

आईला अजून वाटतं, मी हे सोडून द्यावं. मी सोडलेलं नाही. मित्राने मात्र दुसरं टेबल मागून घेतलं. कामापुरतं बोलतो. मी दोनदा त्याची माफी मागितली. दोन्ही वेळा तो "ठीक आहे" म्हणाला, समोरच्या स्क्रीनवरची नजर न हटवता.