तदाइमा कुणी म्हणायचं

जपानहून आल्यापासून आमच्या बुवापाड्यातल्या बायका भेटल्या की म्हणतात, काकी, जपानी बोलून दाखवा ना. मी दाखवते. पाणी द्या, संडास कुठे आहे, मांस नको, माफ करा, सगळं दाखवते. त्या हसतात, मीही हसते. एक शब्द तेवढा दाखवत नाही.

मुलगा तिकडे नोकरीला जाऊन बरीच वर्षं झाली. हे गेले तेव्हा तो आला होता. तेराव्याला सगळं गणगोत बसलेलं, माझा हात धरून म्हणाला, "आई, आता माझं घर तेच तुझं घर." माझी जाऊ डोळे पुसत म्हणाली, नशीब काढलंस गं. मी ते वाक्य पदराला गाठ मारावी तसं ठेवलं. मग त्याने बोलावलं, विमानाचं तिकीट पाठवलं, आणि फोनवर रोज एकेक जपानी वाक्य बोलून पाठवायला लागला. "आई, बाहेर कुणाशी बोलायची वेळ आली तर अडायला नको."

आता माझं शिक्षण कितीसं? सातवी. पण बोलायची हौस दांडगी. शिवाय घरबसल्या मास्तरीण मिळाली. भिंतीपलीकडची पोर उल्हासनगरला जपानी शिकायला जायची, तिकडे जाऊन म्हाताऱ्या माणसांची सेवा करायची नोकरी मिळते म्हणून. तिच्या घरात माणसं जास्त आणि टीव्ही मोठा, म्हणून अभ्यासाला माझ्याकडे यायची.

"इथल्या म्हाताऱ्या संपल्या काय गं?" मी तिला चिडवायचे.

"इथल्या म्हाताऱ्या पगार देत नाहीत, मावशी. नुसता चहा देतात."

चपात्या लाटताना मी वाक्यं घोकायचे. सोमवारी शिवमंदिरात रांग ओलांडून पलीकडे जायचं होतं तर वाटेतल्या बाईला सवयीने म्हटलं, सुमिमासेन. म्हणजे माफ करा. तिला वाटलं मी मध्ये घुसतेय. म्हणाली, "काही असू दे, मागून या."

एकदा मुलाने पाठवलं, ओजामा शिमास. कुणाच्या घरात शिरताना म्हणायचं. मी पोरीला विचारलं, याचा अर्थ काय?

"तुमची अडचण करायला येतेय, असं. पाहुणे म्हणतात. आपण नाही का निघताना म्हणत, त्रास दिला हं तुम्हाला, तसं. पण तुम्हाला कशाला लागेल? घरची माणसं बाहेरून आली की तदाइमा म्हणतात. म्हणजे आले मी. मग आतली म्हणतात, ओकाएरी. आलीस का, ये."

आणि घरातून निघताना ते लोक काय म्हणतात ठाऊक आहे? इत्तेकिमास. जाऊन येते. नुसतं 'जाते' म्हणत नाहीत. मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, म्हणजे आपल्यासारखीच माणसं आहेत की. ओजामा शिमास मी शेजारीपाजारी जायला लागलं तर म्हणून बाजूला ठेवलं, आणि विमानात बसल्यापासून तदाइमा घोळवत राहिले. पोहोचेपर्यंत दुसरं काही डोक्यात नव्हतं.

त्यांच्याकडे दाराच्या आत चपला काढायला खोलगट जागा असते, तिथून एक पायरी चढली की घर. सूनबाई आणि पाच वर्षांची नात वर उभ्या. मी चपला काढल्या, त्यांच्या रीतीप्रमाणे दाराकडे तोंड करून ठेवल्या आणि मोठ्याने म्हटलं, "तदाइमा."

नात हसायला लागली. "आजी चुकली. आजीचं घर इंडियात आहे ना?"

मी मुलाकडे बघितलं. पोर लहान आहे, तिला काय कळतं. पण बाप होता ना मागे उभा, माझी बॅग धरून.

तो म्हणाला, "अगं, ते घरच्यांनी म्हणायचं असतं. पाहुण्यांनी ओजामा शिमास. पाठवलं होतं ना मी तुला?"

रागाने नाही हो. प्रेमानेच म्हणाला. शाळेत चुकलेलं गणित समजावतात तसं. तेराव्याचं त्याच्या लक्षातही नव्हतं. मी म्हटलं, "विसरले बाबा. वय झालं." आणि ओजामा शिमास म्हणून पायरी चढले.

तीन आठवडे राहिले. खायला-प्यायला, फिरवायला कमी केलं नाही, खोटं कशाला बोलू. फक्त आवाज. मी दोन वाक्यं बोलले की सूनबाई बोट ओठावर ठेवायची, "आई, हळू. खालच्यांना ऐकू जातं." गाडीत बोलायचं नाही, गॅलरीत बोलायचं नाही. एवढी वाक्यं शिकून गेले आणि वापरलं ते बहुतेक सुमिमासेनच. संध्याकाळी बागेतून परतलो की तिघं एका सुरात म्हणायची, तदाइमा. मी वाकून चपला सरळ करत बसायचे, त्यांचं होईपर्यंत.

निघायच्या दिवशी सूनबाईने डब्यात थालीपीठं दिली. नातीने बाय केलं. मी पायरी उतरले, चपला घातल्या. इत्तेकिमास जिभेवर आलं होतं. जाऊन येते. जन्मभराची सवय, उंबऱ्यातून दुसरं काही तोंडातून निघत नाही. ते मी गिळलं. वळून त्यांच्यासारखी कमरेत वाकले आणि म्हटलं, "ओजामा शिमाश्ता." तुमची अडचण केली.

मुलाचा चेहरा फुलला. बायकोला म्हणाला, "बघ, कसं अचूक म्हणाली. उगाच नाही मी रोज पाठवत होतो."

आणि माझी बॅग उचलून तो पुढे झाला.