पहिल्या हाकेला दार नाही

माझ्या बायकोच्या मामांनी आयुष्यात एकदाही पहिल्या हाकेला दार उघडलेले नाही. भोपाळच्या इंद्रपुरीतल्या त्यांच्या घराची बेल वाजवली की आधी आत शांतता पसरे, मग चपला सरपटत दाराशी येत आणि मग प्रश्न येई, "कौन?" आपण नाव सांगावे, तर "वो तो कोई भी बोल देगा." दूधवाला, गॅसवाला, दिवाळीची मिठाई घेऊन आलेले शेजारी, सगळ्यांची हीच गत. हे शहाणपण त्यांनी कावळ्या-चिमणीच्या गोष्टीतून घेतले होते. बाकीचे आजोबा ती गोष्ट नातवंडांना चार घास भरवण्यासाठी सांगतात. मामा ती सुरक्षेचे नियम म्हणून सांगत. "चिमणी बाळाला न्हाऊ घालतच नव्हती," ते माझ्या मुलीला, मुक्ताला, गंभीरपणे समजावत. "बाळ कधीच झोपलं होतं. ती आतून आवाज पारखत होती." कावळ्याची त्यांना तिळमात्र दया नव्हती. शेणाचे घर ज्याने न तपासता बांधले, तो भिजायचाच.

तपासणी हा त्यांचा पिंडच. कारखान्यात ते ओतीव लोखंडावर हातोडी मारून आवाजावरून तडा ओळखत. निवृत्तीनंतर हातोडी सुटली, पण कलिंगड, माठ, लोकांच्या भिंती, सगळ्यांवर टकटक चालूच राहिली. आमचे लग्न ठरताना त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी कौतुक समजून हसलो. ते मान वाकडी करून कानोसा घेत होते. 'पोकळ आहे, पण तडा नाही,' असा निकाल त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन दिला, हे बायको अजून सांगते, शक्यतो पाहुण्यांसमोर. पुढे मी भोपाळातच कोलार रोडला फ्लॅट घेतला, तेव्हा वास्तुशांतीचा प्रसाद एका हातात धरून मामा सगळ्या भिंती वाजवत फिरले आणि एवढेच म्हणाले, "शेण."

मामी गेल्यावर आम्ही त्यांना याच शेणाच्या घरी राहायला बोलावत होतो. एकटे असत, दूध गॅसवर ठेवून विसरत. पण त्यांना आमच्या आग्रहाचाही संशय. "एवढं गोड का बोलताय, जावईबापू?" उलट त्यांनाच मुक्ताची काळजी. आम्ही दोघे नोकरीवर, ती शाळेतून येऊन घरी एकटी. म्हणून त्यांनी तिला दाराशी विचारायचा एक प्रश्न नेमून दिला. आजी पाडव्याला काय करायची? उत्तर घरच्यांनाच ठाऊक: चिरोटे. ते आल्याशिवाय कडी काढायची नाही, बाहेर कोणी का असेना.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी बेल वाजली. मुक्ता धावली.

"कोण?"

"मी, आजोबा."

"ते कोणीही म्हणेल. आजी पाडव्याला काय करायची?"

आम्ही आत हसू दाबून बसलो. बाहेरून काहीच येईना. मला वाटले, शिष्येची परीक्षा चालली आहे. म्हणून उठून दाराच्या भिंगातून पाहिले. मटारची पिशवी छातीशी धरून मामा आमच्या दारावर बोटाने हलकेच टकटक करत होते, कान लावून, जणू उत्तर त्या लाकडातच कुठेतरी असावे. ओठ हलत होते. त्यांवर शब्द येत नव्हता.

मी कडी काढली.

ते आत आले नाहीत. "जावईबापू, उत्तर आलं नव्हतं," म्हणाले. रागावायचे होते त्यांना, पण आवाज तसा निघाला नाही. बायकोने त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाली, मामा, आता इथेच राहा. 'का?' असे त्यांनी पहिल्यांदाच विचारले नाही.

तेव्हापासून ते इथेच आहेत. सकाळी भिंती वाजवतात, माझ्याकडे बघून मान हलवतात. संध्याकाळी फिरून आले की बेल वाजते आणि मुक्ता आतून प्रश्न विचारते. नियम तो नियम. फक्त प्रश्न तिने जरा बदलून घेतला आहे.

"आजोबा, आजी पाडव्याला चिरोटेच करायची ना?"

बाहेरून दारावर बोटाने टकटक. मग मामांचा संशयी आवाज, "आधी सांग, हे तुला कोणी सांगितलं?"

तोवर कडी निघालेली असते.