आधी मांजर जेवेल

आमची मांजर ताटली हुंगायची आणि मग उजवा पंजा पुढं करून ताटलीभोवतीची फरशी ओरबाडायची. घाण केल्यावर मांजर वरून माती ओढतं ना, अगदी तसं. मी केजहून जीपमध्ये चेंगरत आणलेल्या मांजर-खाद्याच्या दाण्यांबद्दल तिचं मत काय आहे, ते असं कळायचं. मग ती दारापाशी जाऊन निवांत अंग चाटत बसायची. आणि ती जेवली नाही, म्हणजे आत्या जेवणार नाहीत.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना शुगर आहे. सकाळी गोळी घ्यायची आणि गोळीमागून पोटात अन्न गेलंच पाहिजे, असं डॉक्टरांनी मला दोनदा आणि त्यांना चारदा सांगितलेलं. गोळी त्या अगदी वेळेवर घ्यायच्या. अन्नाचं मात्र मांजरीवर सोपवून मोकळ्या झालेल्या.

मांजर मुळात सासऱ्यांची. ते जेवायला बसले की ती ताटाच्या डाव्या अंगाला येऊन बसायची. एक घास ते स्वतः खायचे, दुसरा तिच्यापुढं ठेवायचे. असं वर्षानुवर्षं चाललेलं. मागच्या थंडीत सासरे गेले. दहाव्याला ओढ्याच्या काठी पिंड ठेवून सगळे लांब सरकले, तर कावळे समोरच्या बाभळीवर बसून राहिले. एकही खाली येईना. ऊन चढलं. मग रीतीप्रमाणे एकेक जण पुढं होऊन हात जोडून बोलू लागला. दिरांनी सांगितलं, विहिरीचं काम पुरं करतो. आमच्या मालकांनी सांगितलं, आईला अंतर देणार नाही. भावकीनं बांधाचं भांडणसुद्धा तिथल्या तिथं मिटवलं. कावळे ढिम्म. शेवटी लिंबाखाली बायकांत बसलेल्या आत्या उठल्या, पदर सावरत पुढं गेल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या मांजरीला घातल्याबिगर मी घास घेणार न्हाई. जावा आता."

कावळा आला.

तो त्याच्या भुकेनं आला असेल. मी शाळेत विज्ञान शिकवते, मला कुणी कावळ्याचं सांगू नये. पण त्या वेळी माझ्याही अंगावर काटा आला होता, हे खरं. आणि आत्यांचा तो शब्द त्या दिवसापासून आमच्या घराचा कायदा होऊन बसला.

सुरुवातीला काही जड गेलं नाही. सासरे गेल्यावर मांजरीनं भाकरीकडं पाठ फिरवली आणि ती दुधावर आली. वाटीत दूध ओतलं की लपलप संपवायची, की आत्या ताटावर बसायला मोकळ्या. उन्हाळा लागला आणि तिला ते दूध सोसेना. घरभर जुलाब. मी तिला पिशवीत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडं नेलं. ते आयुष्यभर म्हशी तपासणारे, पण त्यांनी तिचं तोंड उघडून दात नीट बघितले. म्हणाले, वय झालंय, दूध बंद करा आणि पाकिटातलं खाद्य द्या, म्हाताऱ्या मांजराचं, बारीक दाण्याचं. ओलं पाकीट आणू नका. लाईट गेली की या उन्हात तासाभरात नासेल. वाळलेलंच बरं.

इथून माझे हाल सुरू झाले. केजच्या दुकानात मांजराचं म्हणून जे मिळालं त्याचे दाणे हरभऱ्याएवढे. तिचे दात ते फोडणार कसे? अंबाजोगाईहून माशाच्या वासाचं आणलं. वासानं आम्हीच दारं उघडली, मांजरीनं नाक मुरडलं. मालक लातूरला नोकरीला, आठवड्याला घरी येणार. त्यांनी तिथून चिकनचं पाठवलं, पाकिटावर पांढऱ्या मिशीचं मांजर. ते आमच्या अंगणातल्या कोंबड्यांनी आवडीनं खाल्लं. मी दाणे कोमट पाण्यात भिजवले. तव्यावर शेकले. वर तुपाचं बोट फिरवलं. मांजर तूप तेवढं चाटून घ्यायची आणि पुन्हा फरशी ओरबाडायची. खाद्य निवडायचं म्हणून मी मोबाइलवर नको नको ते वाचलं, राखेचं म्हणजे क्षारांचं प्रमाण, मिठाचं प्रमाण. फोनवर मालकांना सांगायला जावं तर ते म्हणायचे, तू कर ना काहीतरी. जसं काही मी हात बांधून बसले होते.

दिवसभरात कधीतरी ती चार दाणे जिभेनं उचलायची. तेवढ्यावर आत्या चतकोर भाकरी खायच्या, जास्त नाही. मी सांगून बघितलं, चिडून बघितलं, अबोला धरून बघितला. चहा प्यायच्या, चहा म्हणजे घास न्हवं, असं त्यांचं त्यांनीच ठरवलेलं. एकदा तर मी दाणे गुपचूप कोंबड्यांना टाकले आणि मांजरीनं ताटली साफ केली म्हणून सांगितलं. आत्यांनी मांजरीला मांडीवर घेतलं, पोटाखालून हात फिरवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "हिचं पोट पाठीला लागलंय. मला कशाला फशिवती?"

गोळी बंद करावी तर शुगर चढणार, द्यावी तर उपाशीपोटी उतरणार. इकडं आड, तिकडं विहीर. त्या दिवसांत शाळेला सुटी होती म्हणून बरं. पण सुटीचा एकेक दिवस मी त्या दोन म्हाताऱ्यांच्या तोंडाकडं बघण्यात घालवला.

आणि एका सकाळी आत्या मोरीपाशी बसल्या त्या उठेनात. अंगाला दरदरून घाम, हात लटलट कापतायत, जीभ जड. मी डबा उलथून मूठभर साखर त्यांच्या गालात कोंबली आणि त्यांचं डोकं छातीशी धरून बसले. मला वाटलं, गेल्या. हळूहळू नजर जागेवर आली. डोळे उघडून पहिला प्रश्न, "तिनं खाल्लं का?"

मला इतका राग आला की त्या घटकेला मी दोघींनाही उचलून एसटीत बसवून दिलं असतं.

त्यांना बाजेवर निजवलं. मग तिन्ही पाकिटं काढली. आता निवडत बसायचं त्राण माझ्यात नव्हतं. सगळी एकत्र खलबत्त्यात घातली, अर्धवट कुटली आणि ताटलीत ओतून मांजरीपुढं ठेवली. तिनं हुंगलं. पंजा पुढं केला.

मग मी खालीच बसले. रडू आवरेना. आणि हात कधी जोडले गेले ते मलाच कळलं नाही. ओढ्याकाठी पुरुष बोलले होते तसंच मी मांजरीशी बोलायला लागले, मी, विज्ञानाची बाई. "काय राहिलंय तुझं? म्हातारीचं म्हणत असशील तर ऐक. तिला मी उपाशी ठेवणार नाही. तू गेलीस तरी नाही. तिचे हातपाय थकले तर मी भरवीन. खा आता."

मांजर दुसरीकडं बघत होती.

"कुणाला बोलती?" मागून आत्यांचा आवाज आला.

"मांजरीला."

"ऐकलं का तिनं?"

"न्हाई."

मग बाज करकरली. भिंतीला धरून त्या खाली उतरल्या, सासरे बसायचे त्या जागी पाट ओढून बसल्या. "मी ऐकलं," त्या म्हणाल्या. "वाढ मला."

मी धडपडत उठले. भाकरी, वरण, शेंगदाण्याची चटणी, जे हाताला लागलं ते वाढलं. आत्यांनी ताटाला हात लावला, पण घास तोंडापाशी नेऊन थांबल्या. शब्द मोडत होता. त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी घास तोंडात घातला आणि हळूहळू चावू लागल्या.

मांजरीचे कान हलले. ती उठली, चालत येऊन ताटाच्या डाव्या अंगाला बसली आणि वर बघू लागली.

आम्ही दोघी हललो नाही. आत्यांनी दुसरा घास न घेता हात लांब करून ताटलीतला चिमूटभर भुगा उचलला आणि ताटाच्या कडेशी ठेवला. मांजरीनं तो खाल्ला. आत्यांनी एक घास खाल्ला आणि पुन्हा चिमूट ठेवली. तीही खाल्ली. तिला तिन्हींतलं कुठलं पाकीट आवडलं, ते मला अजूनही सांगता येणार नाही.

"ही एकटी कधी जेवलीच न्हाई गं," आत्या म्हणाल्या. "मी हिची वाट बघत बसले, आन ही माझी."

मी तव्यावरची दुसरी भाकरी आणून त्यांच्या ताटात टाकली. त्या नको म्हणाल्या नाहीत.