सातव्या आरोपीचा दाखला

खून, दरोडे, अपहरणं सगळं पाहिलं, आणि निवृत्तीनंतर त्यातलं बरंचसं विसरलोही. पण एका साध्या चारित्र्य पडताळणीच्या अर्जाचं प्रकरण काही केल्या विसरता येत नाही. त्यात रक्त फार सांडलं नव्हतं. चार टाक्यांची जखम, एवढंच. नावं मी कोणाचीच देणार नाही. बीड जिल्ह्यातलं एक ठाणं आणि त्याच्या हद्दीतलं एक गाव, एवढं पुरे.

मी तेव्हा सहायक पोलीस निरीक्षक होतो, ठाण्याचा प्रभारी. आमच्याकडे पडताळणीचे अर्ज वर्षभर येत. कोणी सैन्यात निवडला गेलेला, कोणी पुण्यात कंपनीत सुरक्षारक्षक म्हणून लागणारा. अर्ज ऑनलाइन भरला जातो, जिल्ह्याच्या कार्यालयातून ठाण्याकडे येतो. गोपनीय शाखेचं काम पाहणारा हवालदार संगणकावर नाव टाकतो, गुन्हे रजिस्टर चाळतो आणि काही नसेल तर 'निरंक' लिहून कागद पुढे ठेवतो. बहुतेक अर्ज निरंकच असतात. आमच्या दृष्टीनं ते दोन मिनिटांचं काम.

एके दिवशी सकाळी ठाण्याच्या फोनवर एक निनावी फोन आला. ठाणे अंमलदारानं तो माझ्याकडे दिला.

"साहेब, आमच्या गावच्या एका पोरीचा दाखल्याचा अर्ज येईल तुमच्याकडं. तिच्यावर केस हाय. नीट बघा, न्हाईतर आमी वर कळवू." मुलीचं नाव सांगून त्यानं फोन ठेवला.

असा फोन करणारा माणूस सहसा कायद्याच्या काळजीनं करत नाही. कोणाचं तरी बरं चाललेलं त्याला बघवत नसतं. हे अनुभवानं ठाऊक होतं. तरी खबर आली म्हटल्यावर ती तपासणं भाग होतं.

अर्ज तिसऱ्या दिवशी आला. मुलीनं नर्सिंगचा कोर्स पूर्ण केला होता आणि सरकारी रुग्णालयात परिचारिका म्हणून तिची निवड झाली होती. आईवडील दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारे, जेमतेम दोन एकर कोरडवाहू. 'आपल्यावर कोणताही गुन्हा दाखल आहे काय?' या रकान्यात तिनं 'नाही' लिहिलं होतं. निवडीनंतर खात्याला भरून द्यायच्या साक्षांकन नमुन्यातही तिनं तेच लिहिलं होतं.

हवालदारानं संगणकावर नाव टाकलं आणि मान वर केली. "साहेब, हाय. दीड वर्षापूर्वीचा गुन्हा. बेकायदा जमाव जमवून मारहाण. आरोपी नंबर सात. दोषारोपपत्र कोर्टात गेलंय."

मी मुलीला बोलावून घेतलं. ती आईला घेऊन आली. हातात प्लास्टिकची फाईल, त्यात सगळी प्रमाणपत्रं ओळीनं लावलेली. दाखला आजच मिळणार या समजुतीत ती आली होती. मी जरा कडक आवाजातच विचारलं, "माहिती का लपवलीस?"

"कोणती माहिती, सर?"

मी गुन्हा वाचून दाखवला. बांधाच्या वादावरून सात जणांनी मिळून शेजारच्या शेतकऱ्याला मारलं. पहिला आरोपी तिचे वडील, दुसरा चुलता. सातवी ती. तिनं काठीनं डोक्यात मारल्याचं फिर्यादीत लिहिलं होतं.

ती आईकडे पाहायला लागली. आईनं पदर तोंडाला लावला. "तुझ्या बापानं सांगू नको म्हणलं," एवढंच ती बोलली.

मग कळलं ते असं. गुन्हा दाखल झाल्यावर आमचा एक शिपाई नोटिसा घेऊन गावात गेला होता. सातही नोटिसांवर त्यानं मुलीच्या वडिलांच्या सह्या घेतल्या. वडिलांनी मुलीची नोटीस घरातल्या पेटीत ठेवून दिली, कारण तिची शेवटच्या वर्षाची परीक्षा होती. पुढे गावातल्या चार लोकांनी बसून दोन्ही घरांचा समझोता केला. वडिलांना वाटलं, मिटलं. गावात मिटलं म्हणजे कोर्टात मिटत नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

मुलगी रडली नाही. तिनं फिर्यादीचं नाव आणि तारीख पुन्हा विचारली आणि म्हणाली, "सर, ह्या माणसाच्या डोक्याला पट्टी मीच केलती."

मला वाटलं, घाबरून काहीतरी बोलतेय.

"आमची ट्रेनिंगची ड्युटी ग्रामीण रुग्णालयात होती. सकाळी आठला लागले होते. हे काका डोकं धरून आले. टाके डॉक्टरांनी घातले, पट्टी मी केली. मी विचारलं, काका, काय झालं? तर बोलले नाहीत. मग घरी फोन केला तेव्हा कळलं, आपल्याच घरच्यांनी मारलंय म्हणून. ड्रेसिंगच्या रजिस्टरला माझी सही असेल. बघा तुम्ही."

ती गेल्यावर मी गुन्ह्याचे कागद काढून बसलो. तिघा साक्षीदारांचे जबाब होते, तिघेही फिर्यादीचे भावबंद. तिन्ही जबाब शब्दाला शब्द सारखे, फक्त वरचं नाव बदललेलं. एका जबाबात चूक होती, तीच चूक बाकीच्या दोन्हीत. कोणत्याही नव्या फौजदाराला कळावं, हे एका माणसानं एका बैठकीत लिहिलेलं आहे. शेवटच्या पानावर सही माझी होती. ती कोणत्या दिवशी केली तेही आठवलं. नारायणगडाच्या यात्रेच्या बंदोबस्ताला निघायचं होतं, गाडी दारात उभी होती, आणि टेबलावरच्या कागदांच्या चळतीवर मी उभ्याउभ्या सह्या केल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः ग्रामीण रुग्णालयात गेलो. तपासात आम्ही तिथून जखमेचं प्रमाणपत्र आणलं होतं, पण ड्रेसिंगचं रजिस्टर कोणी उघडून पाहिलं नव्हतं. तिथल्या सिस्टरनं कपाटाच्या तळातून ते काढून दिलं. त्या तारखेच्या पानावर फिर्यादीचं नाव, वय, 'डोक्यास जखम, चार टाके' आणि पुढे गोल अक्षरातली सही. हजेरी पत्रकावर तीच सही, वेळ सकाळी आठ. फिर्यादीप्रमाणे मारहाण नऊ वाजता झाली होती. गाव तिथून वीस किलोमीटर. मी दोन्ही पानांच्या प्रती साक्षांकित करून घेतल्या.

मग फिर्यादीला बोलावलं. पन्नाशीचा माणूस, बऱ्यापैकी जमीन, पुढाऱ्यांमध्ये ऊठबस. ऐटीत आला. मी चहा सांगितला. अशा माणसावर आवाज चढवून उपयोग नसतो, त्याला तेच हवं असतं. त्याला सगळा दिवस क्रमानं सांगू द्यायचा आणि मधे बोलायचं नाही. खोटं बोलणारा भांडणाची गोष्ट पाठ करून येतो, पण भांडणानंतर काय केलं ते त्यानं पाठ केलेलं नसतं.

"मग दवाखान्यात कोणी नेलं?"

"पुतण्यानं. मोटरसायकलवर."

"टाके कोणी घातले?"

"डाक्टरनं."

"आणि पट्टी?"

"नर्सनं बांधली."

"कोणत्या?"

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. मी रजिस्टरची प्रत पुढे सरकवली. "सही वाचा."

त्यानं वाचली, पण तोंडानं उच्चारली नाही.

"नऊ वाजता तुमचं डोकं फोडलं, आणि तुम्ही दवाखान्यात पोचायच्या आधी ती पांढरे कपडे घालून तिथं हजर? वीस किलोमीटरवर?"

त्यानं ती प्रत माझ्याकडे परत सरकवली. बाहेर ठाणे अंमलदार कोणाला तरी शांत बसायला सांगत होता.

"लई हळू हातानं बांधली होती," तो शेवटी म्हणाला. "काका, दुखतंय का, म्हणली."

"मग नाव कावून घातलं?" मीही नकळत त्याच्याच बोलीत विचारलं.

"तिथून निगून तसाच तुमच्या ठाण्यात आलतो. फिर्याद लिवणाऱ्यानं इचारलं, दोघंच होते का? अजून कोण कोण? दोघांवर जमावाचं कलम लागत न्हाई म्हणला. मग सांगत गेलो. तिच्या चुलतभावांची नावं घातली. लिवणारा म्हणला, अजून? तवा ती पांढऱ्या कपड्यातली डोळ्यापुढं आली." मग म्हणाला, "माझं पोरगं चार साल भरतीला पळतंय, साहेब. कुठंच लागंना. अन् ह्या ऊसतोड्याची पोरगी सरकारी दवाखान्यात." दाखल्याची खबर देणारा फोनही त्याच्याच घरातून झाला होता, हेही त्यानं कबूल केलं.

पाच जण झाले की जमावाचं कलम लागतं, हे आमच्याकडे फिर्याद देणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसेल त्याला आमचा माणूस सांगतो. 'अजून कोण?' हा प्रश्न माझ्या ठाण्यात रोज विचारला जायचा. मी तो शेकडो वेळा ऐकला असेल, आणि कधी हटकलं नव्हतं.

मी त्याचा पुरवणी जबाब घेतला. तो वळणदार सही करून निघून गेला. मला वाटलं, उकललं प्रकरण. खरं पाहता तिथून पुढे माझ्या हातात काहीच नव्हतं.

दोषारोपपत्र एकदा कोर्टात गेलं की आरोपीचं नाव पोलीस खोडू शकत नाहीत. मी पुढील तपासाची परवानगी मागितली, पुरवणी अहवाल दिला. कोर्टानं तारीख दिली, मग पुढची तारीख दिली. इकडे दाखला पाठवायची मुदत संपत आली होती. खरं तेच लिहावं लागलं: एक गुन्हा दाखल, न्यायप्रविष्ट. सोबत मी सविस्तर पत्र जोडलं, रजिस्टरच्या प्रती जोडल्या. वरून फोन आला, "अभिप्राय कशाला लिहिता? नोंद आहे की नाही एवढं कळवा." तो अधिकारी वाईट नव्हता. त्याच्यापुढे असे कागद ढिगानं येत.

दीड महिन्यानं मुलगी ठाण्यात आली, या वेळी एकटीच. निवड रद्द झाल्याचं पत्र तिनं माझ्यापुढे ठेवलं. कारण गुन्ह्याचं नव्हतंच. 'साक्षांकन नमुन्यात माहिती दडवल्यामुळे' असं लिहिलं होतं.

"सर, मला माहीतच नव्हतं, हे कोणाला सांगायचं?"

मी म्हणालो, अपील कर, मी लिहून देतो. लिहूनही दिलं. त्याचं उत्तर आलं तोवर तिच्या जागी यादीतली पुढची मुलगी हजर झाली होती. उत्तरात लिहिलं होतं की नोटिशीवर कुटुंबप्रमुखाची सही असल्यानं उमेदवारास माहिती नव्हती हे मान्य करता येत नाही.

खटला पुढे तीन वर्षं चालला. माझी बदली झाली, पण साक्षीला मला जावं लागलं. फिर्यादी पिंजऱ्यात उभा राहून म्हणाला, कोणी मारलं ते आता आठवत नाही. सगळे सुटले. ज्यांनी खरोखर मारलं होतं तेही सुटले. खोटं नाव घालणाऱ्यावर कारवाई व्हावी म्हणून मी प्रस्ताव दिला होता, तो कुठल्या तरी टेबलावर राहिला. आता त्या मुलीनं अर्ज केला असता तर दाखल्यावर 'निर्दोष मुक्त' एवढं लिहून आलं असतं. तिनं पुन्हा अर्ज केला नाही.

निवृत्तीनंतर एकदा पाटोद्याच्या आठवडी बाजारात तिचे वडील भेटले. त्यांनीच ओळखलं. ओढून चहाला घेऊन गेले. माणूस पार वाळून गेला होता.

"पोरगी कुठं असते?" मी विचारलं.

"पुण्याकडं. लोकाच्या घरी म्हाताऱ्या माणसांची देखभाल करती. नर्सिंगचं नाव काढलेलं चालत न्हाई तिला."

"येते का गावाकडं?"

"आईला फोन करती. माझ्याशी बोलत न्हाई, लई साल झाले." त्यांनी कप बशीत ठेवला. "तिचं बराबर हाय, साहेब. कागद मीच लपवला. तवा सांगितलं असतं तर फारमवर तिनं खरं लिवलं असतं. नोकरी मीच घालवली तिची."

मला सांगता आलं असतं. नोटीस ज्याची त्याच्या हातात द्यायची असते, बापाची सही घेऊन चालत नाही. ती चूक माझ्या माणसाची होती, आणि नोटिशीची ती पोहोच न वाचताच दोषारोपपत्रावर सही मी केली होती. चार वाक्यं होती. त्यांनी ती मुलीला फोनवर सांगितली असती, तर कदाचित ती त्यांच्याशी एकदा बोलली असती.

मी म्हणालो, "होईल सगळं नीट," आणि उठलो.

या प्रकरणानं काय शिकवलं असं कोणी विचारलं, तर तरुण अधिकाऱ्यांना मी एवढंच सांगतो की सही करण्यापूर्वी कागद वाचा, आणि फिर्यादीला 'अजून कोण?' विचारू नका. ते मान डोलावतात. पण मला स्वतःविषयी जे कळलं ते मी त्यांना सांगत नाही. दुसऱ्याकडून कबुली कशी काढायची हे मी पस्तीस वर्षं शिकलो होतो. त्या चहाच्या टपरीवर स्वतःची द्यायची वेळ आली, समोर कोर्ट नव्हतं, चौकशी नव्हती, पेन्शनही कोणी अडवणार नव्हतं, तरी तोंड उघडलं नाही. तो माणूस आजही स्वतःलाच दोष देत असेल.